उभ्याउभ्या

‘ग्लान्सेबल’ हा शब्द आमच्या धंद्यात गेली काही वर्षं इतका चालतोय, की त्याला मराठीत काय म्हणायचं हा प्रश्न कुणाला पडतच नाही. अर्थ साधा आहे: ॲप न उघडता, फोनवर नुसती नजर टाकून कळेल असं काहीतरी. होमस्क्रीनवरचं हवामानाचं विजेट, लॉकस्क्रीनवर सरकत जाणारी डिलिव्हरीवाल्याची स्कूटर, मनगटावरच्या घड्याळातला पावलांचा आकडा, नोटिफिकेशनची वरची दीड ओळ. ‘दृष्टिक्षेपयोग्य’ वगैरे शब्द पाडता येईल, पण तो शासकीय परिपत्रकाबाहेर जगणार नाही. मराठीत यासाठी आधीपासून एक शब्द आहे आणि तो डोळ्यांवरून नव्हे, पायांवरून आलाय: उभ्याउभ्या. ‘बसत नाही, उभ्याउभ्याच आलोय’ असं म्हणत कुणीतरी ओट्यापर्यंत येतं, लग्नाची तारीख ठरली किंवा गाडी दुपारची नाही, संध्याकाळची आहे, एवढं सांगतं आणि जातं. चप्पल काढायची नाही, चहा ठेवायचा नाही. ऐकणाऱ्याच्या हातातलं कामही थांबत नाही.

मला हा शब्द इंग्रजी शब्दापेक्षा बरा वाटतो, कारण त्यात बंधन कुणावर आहे ते स्पष्ट आहे. ‘ग्लान्स’ म्हटलं की बघणाऱ्याने थोडकंच बघितलं, एवढंच कळतं. ‘उभ्याउभ्या’मध्ये अट येणाऱ्यावर असते. त्याने बसायचं नाही.

मी पुण्यात एका कंपनीत ॲपं बनवतो आणि गेली दोन वर्षं माझ्या वाट्याला मुख्य ॲपच्या बाहेरचं सगळं आलंय: विजेट, नोटिफिकेशन, लॉकस्क्रीन. म्हणजे घर दुसरे बांधतात, मी ओटा सारवतो. कादंबरीची समीक्षा होते, सिनेमाची होते, हल्ली रील्सचीही होते; पण दिवसभर आपण सर्वात जास्त वेळा जे वाचतो, त्या या दीड ओळींच्या मजकुराची होत नाही. तो मजकूर कुणीतरी लिहिलेला असतो, त्यात काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे कुणीतरी ठरवलेलं असतं. तो पुण्यातल्या वायफायवर वाचला की बराच चांगला वाटतो. मी तो धडगावात बसून वाचणार आहे. माझं गाव ते.

इतिहास थोडक्यात उरकतो. १९९५ मध्ये झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात मार्क वायझर आणि जॉन सीली ब्राउन यांनी ‘शांत तंत्रज्ञाना’ची कल्पना मांडली, आणि उदाहरण म्हणून एक लोंबती दोरी दिली. नताली जेरेमिजेंको या कलावतीने ती केली होती. छताला छोटी मोटर, तिला आठ फुटी प्लास्टिकची दोरी, आणि मोटर ऑफिसच्या नेटवर्कच्या केबलला जोडलेली. नेटवर्कवर गर्दी असली की दोरी गरगर फिरायची, शांतता असली की मधूनच एखादा झटका द्यायची. कुणी तिच्याकडे टक लावून बघत बसायचं नाही, पण सगळ्यांना कळायचं. पुढे २००९ मध्ये अँड्रॉइडवर विजेट आलं, २०१० मध्ये विंडोज फोनच्या हलत्या फरश्या आल्या (सुंदर होत्या, फोनच चालला नाही). आयफोनच्या होमस्क्रीनवर विजेट यायला २०२० साल उजाडलं. २०२२ मध्ये लॉकस्क्रीनवर ‘लाइव्ह ॲक्टिव्हिटी’ आली, आणि २०२५ मध्ये अँड्रॉइडनेही तसलीच सोय आणली.

या सगळ्यात कारागिरी म्हणून मला सर्वात आवडते ती खाणं मागवल्यावर लॉकस्क्रीनवर येणारी पट्टी. एक रेघ, रेघेवर एक स्कूटर, बाजूला ‘१२ मिनिटं’. आधी हीच माहिती सात नोटिफिकेशनांत यायची: ऑर्डर घेतली, स्वयंपाक सुरू झाला, माणूस निघाला, माणूस वळला. आता एकच पट्टी स्वतःला बदलत राहते आणि जेवण आलं की निघून जाते. उभ्याउभ्या येऊन जाणं म्हणजे काय, हे यापेक्षा नीट फोनवर कुणी केलेलं मी पाहिलेलं नाही. पण त्या पट्टीत एक गृहीतक आहे, ते पुण्यात दिसत नाही: स्क्रीनवर जे लिहिलंय ते आत्ताचं आहे.

धडगाव म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्याचं मुख्य ठिकाण. सातपुड्यात आहे. शहाद्याहून म्हसावदमार्गे घाट चढून यायचं, नाहीतर तळोद्याहून चांदसैली घाटातून. गावात आता रेंज बरी असते. पण तालुका म्हणजे गाव नव्हे. पाडे डोंगरभर विखुरलेले आहेत, आणि खाली नर्मदेकडे उतरायला लागलं की फोनच्या कोपऱ्यातल्या दांड्या एकेक करून मिटतात. कुणाचा फोन लागायला हवा असेल तर अमुक टेकडीवरच्या तमुक झाडाखाली जायचं, हे पाड्यावरच्या पोरांनाही पाठ असतं. म्हणजे फोन दिवसातला बराच वेळ बाहेरच्या जगापासून तुटलेला, आणि मधूनच जोडला जाणारा. बाजाराला माणूस धडगावात येतो तेव्हा त्याच्यासोबत फोनही बाजार करतो. चार दिवसांचं सगळं एकदम भरून घेतो.

आता एप्रिल-मे घ्या. धडगावचं आमचूर प्रसिद्ध आहे. कैऱ्या सोलायच्या, चिरायच्या आणि फोडी उन्हात वाळत घालायच्या. पांढरं राहिलं तर भाव चांगला. वाळताना पाऊस लागला की काळं पडतं आणि भाव पडतो. आमचं बाजारात किराण्याचं दुकान आहे, वडील हंगामात आमचूर घेतात, त्यामुळे हा काळा-पांढरा हिशेब मी लहानपणापासून ऐकतोय. फोडी पसरलेल्या असताना आभाळ जरा भरून आलं की बाई दोनच गोष्टी बघते: वर डोंगराकडे आणि हातातल्या फोनकडे. फोनवर सूर्य आहे. पिवळाधमक, सुरेख काढलेला, ३८ अंश. प्रश्न असा, की तो कधीचा सूर्य आहे? फोनला शेवटची रेंज मिळाली ती काल दुपारी चारला, धडगावच्या स्टँडवर. हा कालचा, स्टँडवरचा सूर्य आहे. विजेट ते सांगत नाही. त्याच्या चेहऱ्यावर तसूभर फरक नाही.

घरी रात्रीची भाकरी सकाळी खायला कुणाची हरकत नसते. शिळी आहे हे माहीत असतं, म्हणून ती चहात बुडवतो किंवा कुस्करून फोडणीला टाकतो. शिळी भाकरी ताजी म्हणून ताटात वाढली की मात्र ती फसवणूक होते. कालची माहितीही कामाची असते. काल चारला आभाळ निरभ्र होतं, हे कळणं आमचूरवालीला उपयोगी आहे. तिच्या मनात आभाळाचा एक चालता हिशेब असतो, त्यात ते एक माप जाईल. पण त्यावर ‘काल, ४:०५’ असं लिहिलेलं हवं.

इथे माझ्या व्यवसायबंधूंचं उत्तर मला पाठ आहे. विजेट मनात येईल तेव्हा ताजं करता येत नाही, हे खरंच आहे. आयफोनवर वारंवार बघितल्या जाणाऱ्या विजेटला दिवसाला साधारण ४० ते ७० वेळा ताजं होण्याची मुभा मिळते. अँड्रॉइडमध्ये विजेट आपोआप ताजं करण्याची जी मूळ सोय आहे, तिची सर्वात लहान मुदत ३० मिनिटं. त्यात बरेच स्वस्त फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲपं स्वतःच बंद करून टाकतात. हे सगळं मान्य. पण वय सांगायला ताजं व्हावं लागत नाही. आयफोनच्या विजेटमध्ये एखादी वेळ ठेवून ‘तेव्हापासून किती झाला’ असं दाखवायला सांगितलं, की तो आकडा आपोआप वाढत राहतो. अँड्रॉइडच्या विजेटमध्येही चालतं घड्याळ बसवता येतं. दोन्हीकडे मुभा खर्च होत नाही, नेट लागत नाही. लाइव्ह ॲक्टिव्हिटीत तर ॲपलने त्यासाठी वेगळा रकानाच दिलाय आणि त्याचं नाव आहे ‘स्टेलडेट’. शिळं होण्याची वेळ! ती उलटली की फोन ॲपला सांगतो, आता हे शिळं झालं, वेगळं दाखव. रकाना भरणं सक्तीचं नाही. मी जेवढे कोड वाचलेत, त्यांत तो बहुतेक ठिकाणी रिकामा असतो.

म्हणजे अडचण यंत्राची नाही, रुचीची आहे. वय लिहिलं की विजेट म्हातारं दिसतं. जाहिरातीतल्या प्रत्येक फोनमध्ये वाजलेले असतात नऊ एकेचाळीस किंवा दहा दहा, आणि माहिती नुकतीच न्हाऊन आलेली असते. ते सौंदर्यशास्त्र धडगावला पोचेपर्यंत खोटं होतं.

याच्याशी तुलना करायला मला एसटीची पाटी घ्यायला आवडते. ड्रायव्हरसमोर काचेत ठेवलेली, ‘शहादा – धडगाव’. लांबून वाचता येते, पळत येणाऱ्याला वाचता येते, आणि अक्षर न येणाऱ्यालाही तिच्या आकारावरून आणि रंगावरून अंदाज येतो. ती कधी शिळी होत नाही, कारण ती बसवरच बसलेली असते. बस आली तर पाटी आली. बस नाही तर पाटीही नाही. झेरॉक्सची दोरीही तशीच, केबललाच टांगलेली. आपलं विजेट मात्र गोष्टीपासून तुटलेलं असतं. बस घाटात अडकलेली आणि पाटी तुमच्या खिशात. त्यामुळे पाटीला जे फुकट मिळतं, ते विजेटला कमवावं लागतं.

भारतात मुख्य ॲपच्या बाहेरचा सर्वात यशस्वी प्रयोग कुठला, असं विचारलं तर मी साउंडबॉक्सचं नाव घेईन. त्याला स्क्रीन नाही किंवा असलीच तर चिमूटभर. गिऱ्हाईक क्यूआर कोडवर पैसे टाकतं आणि डबा दुकानभर ऐकू जाईल असं सांगतो, किती रुपये मिळाले. वडिलांचे हात गुळाने भरलेले असतात, फोन गल्ल्यात असतो, नजर तराजूवर असते. कानाने ऐकून व्यवहार संपतो. पैसे भरल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून जाणाऱ्यांचाही बंदोबस्त होतो. त्यात स्वतःचं सिम असतं, म्हणजे दुकानदाराच्या डेटा पॅकवर तो अवलंबून नाही. पण बाजाराच्या दिवशी दुपारी, सगळ्या पाड्यांवरचे फोन एकाच टॉवरवर येऊन बसले, की डबा गप्प होतो. गिऱ्हाइकाच्या फोनवर हिरवी खूण, डबा मुका. पैसे आलेच नाहीत, की आलेत आणि याला कळलं नाही? दोन्ही गोष्टींसाठी शांतता एकच आहे. मग वाद. शेवटी ओळखीवर निभावतं, आणि ज्याची ओळख नाही त्याला, तोही बहुतेक वेळा लांबच्या पाड्यावरचा असतो, बाजूला उभं राहावं लागतं. डब्याने मिनिटभराने नुसतं ‘रेंज नाही’ एवढं सांगितलं असतं, तरी त्या माणसाकडे बघण्याची सगळ्यांची नजर बदलली असती.

आता पैशांचाच मेसेज. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. पंतप्रधान आले होते. आता तर बरंच काही खात्यावर येतं: पेन्शन, शेतकऱ्यांचे दोन हजार, २०२४ पासून लाडक्या बहिणीचे दीड हजार. तरी महिन्याच्या ठरावीक दिवशी धडगावात बँकेबाहेर रांग असते आणि तिच्यातल्या बऱ्याच बाया पैसे काढायला आलेल्या नसतात. पैसे आले का, एवढं विचारायला आलेल्या असतात. डोंगर उतरून, दिवसाची मजुरी बुडवून, एका ‘हो’ किंवा ‘नाही’साठी. त्यांच्यापैकी अनेकींच्या फोनमध्ये उत्तर आलेलं असतं. पण ते कसं लिहिलंय पाहा. लॉकस्क्रीनवर मेसेजची जी दीड ओळ दिसते, तिच्यात असतं: ‘डिअर कस्टमर, युवर अकाउंट एंडिंग विथ…’ आणि पुढे टिंबं. आकडा टिंबांच्या पलीकडे. उभ्याउभ्या आलेल्या पाहुण्याने निम्मा वेळ नमस्कारातच घालवला.

हे कुणी चुकून लिहिलेलं नाही. आपल्याकडे २०२१ पासून अशा मेसेजचा साचा आधी नोंदवावा लागतो. कोरे रकाने सोडून बाकी मजकूर ठरलेला. म्हणजे ‘डिअर कस्टमर’ कुणीतरी लिहिलं, कुणीतरी तपासलं आणि नोंदवलं. मराठीत का नाही, याचं कारणही तांत्रिकच सांगितलं जातं आणि ते निम्मं खरं आहे. साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. देवनागरीचं एक अक्षर आलं की मर्यादा ७० वर येते. त्यात काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजतात. ‘शिल्लक’ डोळ्यांना तीन अक्षरांचा शब्द दिसतो, मोजणीत तो सहाचा आहे. मजकूर ७०च्या पुढे गेला की दुसरा मेसेज, दुसरा खर्च. पण हे लिहून पाहा: ‘₹१५०० जमा. शिल्लक ₹२३४०. ५ मार्च.’ मी मोजलंय, ३३ होतात. खात्याचे शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव घातलं तरी ७० मध्ये बसतं. आणि सर्वांत पुढे आकडा आहे. अक्षरओळख बेताची असली तरी बाजार करणाऱ्याला आकडा वाचता येतो. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या बाईच्या फोनच्या सेटिंगमध्ये तिची भाषा नाहीच. निदान आकडा तरी तिचा असतो.

इथे मला माझ्याच म्हणण्याला एक अडसर घालावा लागेल. घरात फोन एक असतो, आणि तो बहुतेक वेळा नवऱ्याच्या किंवा मोठ्या मुलाच्या खिशात असतो. दीड हजार तिचे, आणि ‘₹१५०० जमा’ आधी वाचणार तो. आकडा टिंबांच्या आड असतो तेव्हा निदान एक आडोसा असतो, आणि बँकेपर्यंत चालत गेलेल्या बाईला निदान पहिल्यांदा आपणच कळून घेतल्याचं सुख असतं. एका नजरेत सगळं कळावं, असं म्हणताना नजर कुणाची हे आम्ही विचारत नाही. फोन म्हणजे एक माणूस, असं आमच्या आराखड्यांमध्ये धरलेलं असतं. यावर माझ्याकडे छापील उत्तर नाही. कळवायचं ते पडद्यावर की कानात, हे त्या बाईलाच निवडता यायला हवं, एवढं वाटतं. आणि ती निवड सेटिंगच्या सातव्या पायरीवर नको, बँकेत खातं काढतानाच विचारलेली हवी.

ओट्याचा विषय निघालाच आहे तर त्यावर टपरी टाकणाऱ्यांबद्दलही बोलायला हवं. भारतात विकल्या जाणाऱ्या कितीतरी अँड्रॉइड फोनांच्या लॉकस्क्रीनवर मालकाने न बोलावता बातम्या, व्हिडिओ, खेळ, खरेदीची चित्रं येतात. या धंद्यातल्या सर्वात मोठ्या भारतीय सेवेचं नावच ‘ग्लान्स’ आहे. इनमोबीची ही कंपनी. २०२० मध्ये गूगलने आणि २०२२ मध्ये जिओने तिच्यात पैसे घातले. नाव अगदी प्रामाणिक आहे: विकायची वस्तू तुमची नजर. माणूस वेळ बघायला फोन उचलतो आणि त्याच क्षणी त्याच्यासमोर काहीतरी धरायचं. मला यातल्या मजकुराच्या दर्जापेक्षा जागेची तक्रार जास्त आहे. ओटा घराचा भाग असतो पण रस्त्याकडे तोंड करून. तिथे कोण टेकणार हे घरवाल्याने ठरवायचं असतं. फोन स्वस्तात मिळाला म्हणून ओटा दुसऱ्याच्या नावावर, हा व्यवहार फोन घेताना कुणी मोठ्याने वाचून दाखवत नाही. आणि हा डेटाही शेवटी त्याच दीड जीबीतून जातो, ज्यातून आमचूरवालीचा सूर्य यायचा होता.

चांगलं काय दिसलं, तेही सांगतो. व्हॉट्सॲपच्या खुणा. मेसेजशेजारचं चिमुकलं घड्याळ म्हणजे अजून फोनमध्येच आहे. एक बरोबरची खूण म्हणजे फोनमधून निघाला. दोन म्हणजे पोचला. २०१४ पासून निळ्या, म्हणजे वाचला. तांत्रिकदृष्ट्या हे ॲपच्या आतलं आहे, पण धडगावात ही जणू एक लिपीच झालीय. लिहिता-वाचता न येणारी माणसंही घड्याळ ओळखतात आणि टेकडी चढायला लागतात. नेटवर्कबद्दल खरं सांगणारं एवढं लहान चिन्ह मला दुसरं माहीत नाही. ते घड्याळ ‘झालं नाही’ हे न लाजता सांगतं.

सरकारी ॲपांनी हे घड्याळ उसनं घेतलं असतं तर? ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले होते. फोन जुने, कमी मेमरीचे, सतत बिघडणारे, आणि पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत, या तक्रारी होत्या. नवं ॲप म्हटलं की आमच्यासारखे लोक आतल्या पानांची मांडणी सुधारायला बसतात. मला वाटतं सेविकेला बाहेर, होमस्क्रीनवर, एक आकडा हवा: आज भरलेल्यांपैकी किती नोंदी अजून फोनमध्येच अडकल्यात. शून्य दिसलं की फोन पिशवीत टाकून मुलांकडे बघता येईल. रोजगार हमीचं त्याहून अवघड आहे. १ जानेवारी २०२३ पासून कामावरच्या मजुरांची हजेरी ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून घेणं सक्तीचं झालं. त्या फोटोवर मजुरी ठरणार. फोटो गेला की नाही हे कळलंच तर हजेरी घेणाऱ्याला कळतं. ज्याची हजेरी, त्याच्यासाठी पट्टी नाही, खूण नाही, डबा नाही. त्याच्यापुढे ओटाच बांधलेला नाही.

असं का होतं याचं एक कारण मला रोज दिसतं. विजेट चाललं की नाही हे मोजायचं आमचं माप एकच: विजेटवरून किती लोक ॲपमध्ये आले. या मापाने आमचूरवालीने सूर्य बघितला, वेळ बघितली, फोन कनवटीला लावला आणि फोडी गोळा केल्या, तर विजेट नापास. तिला उत्तर मिळालं, म्हणून ती आत आली नाही. मग पुढच्या आवृत्तीत अर्धं उत्तर दाखवायचं आणि ‘अधिक जाणण्यासाठी टॅप करा’ लिहायचं ठरतं. पाहुणा ओट्यावर येतो, म्हणतो एक मोठी बातमी आहे, पण आत बसवल्याशिवाय सांगणार नाही. बघून निघून गेलेल्यांना मोजणं अवघड आहे हे खरं, पण अशक्य नाही. दिवसातून किती वेळा ॲप उगाचच उघडून लगेच बंद केलं गेलं, ते विजेट आल्यावर कमी झालं का, हे मोजता येतं. तो आलेख खाली जाताना दाखवायचा असतो, म्हणून बैठकीत कुणी दाखवत नाही.

आमच्या एका विजेटमध्ये माहितीचं वय दाखवायचं, हे मात्र या वर्षी मी मान्य करून घेतलं. (तळाला, करड्या रंगात, सर्वांत लहान आकारात. तेवढ्यावर तह झाला.) मग प्रश्न आला शब्दांचा. भाषांतर करणाऱ्यांकडून आलं: ‘अंतिम अद्यतन’. वाचून वाटलं, कुणाचा तरी तेरावा आहे. ‘३ तासांपूर्वी अपडेट केले’ बरं होतं, पण जागेत मावेना, आणि तासांपूर्वी म्हटलं की वजाबाकी करावी लागते. गणपतीत गावी गेलो तेव्हा दुकानात बसून कागदावर चार-पाच प्रकार लिहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना दाखवले. ‘सकाळी ९:१० चं’ हे बऱ्याच जणांनी न अडखळता वाचलं. वडिलांना ‘सकाळी ९:१० ला कळलं’ पसंत पडलं. त्यांच्या मते नुसतं ‘चं’ म्हणजे दुधाच्या पिशवीवर लिहितात तसं वाटतं.

मीठ घ्यायला आलेल्या एका पावरा बाबांना मी दोन्ही वाचून दाखवलं. त्यांनी दुसऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “कळलं, पण कुणाला?”

वेधशाळेला, परदेशातल्या कुठल्या कंपनीच्या गणिताला, की खाली म्हसावदच्या बाजूने आत्ताच आलेल्या ड्रायव्हरला, हा त्यांचा प्रश्न होता. लहान विजेटमध्ये त्या शब्दाला जागा नाही. दोन चौकोन रुंदीच्या आकारात बसतो; सध्या तो करून बघतोय.